गळतीचा इतिहास : पास्कलच्या भांड्यापासून पिकअपच्या क्लचपर्यंत

१/ क्लच दाबताच पॅडल तळाला टेकते, गिअर पडत नाही आणि पिकअपखाली तेलाचे ओघळ दिसतात. गॅरेजमध्ये निदान होते, ‘सिलिंडरचे रबर गेले.’ या क्षुल्लक वाटणाऱ्या रबराच्या मागे सव्वादोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ प्रारंभ फ्रान्समध्ये झाला. ब्लेझ पास्कलचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्याने मांडले. पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडे असून एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असेल, तर लहान तोंडावरचा एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांना तोलून धरेल.

३/ तत्त्व निर्विवाद होते. तरीही त्यातून उपयोगी यंत्र घडायला सुमारे १३० वर्षे लागली. १७९५ साली लंडनमध्ये जोसेफ ब्रामा याने हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. अडचण सिद्धान्ताची नव्हती, गळतीची होती. दट्ट्याभोवती भरण सैल ठेवले की पाणी उसळून बाहेर येई. तेच घट्ट आवळले की दट्ट्या जागीच अडके आणि दाब काढल्यावरही परतत नसे.

४/ ब्रामाच्या कारखान्यात हेन्री मॉडस्ले हा तरुण कारागीर होता. या पेचावर त्यानेच तोडगा काढला, असे श्रेय पुढे त्याचा सहकारी जेम्स नॅस्मिथ याने त्याला दिले. तोडगा म्हणजे चामड्याचे पन्हळीसारखे वळवलेले कडे. त्याचे उघडे तोंड पाण्याकडे असे. दाब वाढला की पाणी पन्हळीत शिरून तिच्या कडा दट्ट्यावर आणि भिंतीवर दाबून धरी; दाब उतरला की कडा सैल पडत. जितका दाब अधिक, तितकी पकड घट्ट. गळू पाहणारे पाणीच गळती रोखू लागले!

५/ पेटंटवर नाव ब्रामाचे राहिले. मॉडस्लेला आठवड्याला ३० शिलिंग मिळत. त्याने पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली. म्हणून १७९७ साली त्याने स्वतःचा कारखाना थाटला. पुढे नॅस्मिथ आणि जोसेफ व्हिटवर्थ यांच्यासारखे यंत्रकार त्याच्याच हाताखाली घडले.

६/ विसाव्या शतकात हे तत्त्व मोटारीत आले. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने हायड्रॉलिक ब्रेक विकसित केले. १९२१ च्या डुसेनबर्ग मॉडेल ए मध्ये ते चारही चाकांना बसवले गेले. मात्र चामडे वाळे, आकसे आणि पुन्हा गळती सुरू होई. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी अभियंत्यांनी चामड्याऐवजी रबरी कप वापरले. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारले ते थेट १९३९ च्या मॉडेलपासून.

७/ हायड्रॉलिक क्लचची रचना याच घराण्यातली. पॅडल मास्टर सिलिंडरमधले तेल ढकलते. ते तेल गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या सरकवते. केबिनमध्ये पॅडलच्या वर ओल दिसली, तर संशय मास्टरवर; गिअरबॉक्सपाशी ओल असेल, तर स्लेव्हवर. तेल उतरले की हवा आत शिरते. हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. म्हणून पॅडल पोकळ लागते.

८/ दुरुस्तीतही जुनेच धडे गिरवावे लागतात. कपाची कड तेलाच्या दिशेलाच हवी. उलटी बसली तर दाब तिला भिंतीवर टेकवण्याऐवजी दुमडतो. सिलिंडरच्या आतील भिंतीवर चरे असतील, तर नवे रबरही टिकत नाही. सिलिंडरच बदलावा लागतो. ब्रेक ऑईलऐवजी इंजिन ऑईल ओतले, तर हे रबर फुगून निकामी होते. शेवटी नवे तेल भरून पूर्ण हवा काढावी लागते.

९/ पाठ्यपुस्तकात पास्कलचा नियम असतो, क्वचित ब्रामाचे नावही. ३० शिलिंगांवरच्या कारागिराचा उल्लेख सहसा नसतो. मात्र त्या कड्यावाचून पास्कलचे शंभर माणसांचे बळ पाण्याबरोबर वाहूनच गेले असते. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना पेटंटवरील नावाबरोबरच गळती कोणी थांबवली, हेही विचारायला हवे.

#इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास