शर्यतीच्या गाडीचा आस

मोटारीचा मागचा आस झिजला, की आपण गॅरेज गाठतो. पण श्रोतेहो, मोटारी येण्याआधीची एक गाडी अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर अजून भरधाव पळते. ओहोटी लागली, ओली पुळण घट्ट झाली, की बैलगाड्यांची शर्यत रंगते.

जुनी गाडी भाताच्या ओझ्याची. तिचा कणा लाकडी, जाडजूड. पुढे लोखंडी आस आला. गाडी सुटी पळू लागली, पण खाऱ्या हवेचा गंजही मागे लागला. आस सगळीकडे सारखा झिजत नाही. चाकाचा तुंबा ज्यांवर फिरतो, ती दोन टोकं आधी बारीक होतात. वंगणात वाळू शिरली, की त्याची कानस होते. मग चाक डुलतं. शेताच्या वाटेवर ते खपून जातं. शर्यतीत खीळ निसटते, चाक सुटतं आणि जायबंदी होतात गाडीवान नि बैल. नुसता आस बदलूनही भागत नाही. तुंब्यातली जुनी, सैल नळी नव्या आसाला लवकरच खाते.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. वाद बैलांच्या छळाचा होता, आणि तो व्हायलाच हवा होता. पण सात वर्षं गोठ्यामागे पडलेली गाडी बाहेर काढताना आधी चाक उचलून हाताने हलवून पाहावं लागतं. खेळ जाणवला, तर गाडी पुळणीवर न्यायची नाही, सुताराकडे न्यायची.