माणूस नसताना सुरू होणारी मोटार : बीडच्या शिवारातील 'ऑटो'चा इतिहास

१/
मध्यरात्र उलटून गेली आहे. बीड जिल्ह्यातील एखाद्या शिवारात थ्री-फेज वीज येते. विहिरींवर चिटपाखरू नाही. तरीही काही क्षणांत साऱ्या मोटारी आपोआप सुरू होतात आणि पाठोपाठ डीपीचा फ्यूज उडतो. हे घडवणाऱ्या छोट्या पेटीला शेतकरी 'ऑटो' म्हणतात. तिचा इतिहास म्हणजे माणसाच्या हजेरीचा इतिहास आहे.

२/
आरंभ मोटेपासून करावा लागतो. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी विहिरीतून पाणी काढायचे तर बैलजोडी, मोट हाकणारा आणि शेतात दारे धरणारा, एवढे सारे हजर असावे लागे. बैल थांबले की पाणी थांबे. पाणी नको असताना मोट चालणे शक्यच नव्हते.

३/
पुढे ऑइल इंजिन आले. बैल गेले, पण हँडल मारायला माणूस उरला. डिझेल संपले की इंजिन आपसूक बंद पडे. सुरुवात माणसाच्या हाती आणि शेवट इंधनाच्या हाती, अशी ती वाटणी होती.

४/
१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९७१ मध्ये बीड जिल्ह्यातच, परळी येथे, औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. पुढील दशकांत विहिरी व विंधन विहिरी वाढत गेल्या आणि विजेची मोटार शिवारोशिवारी पोहोचली.

५/
या मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक महत्त्वाची योजना असते : नो-व्होल्ट कॉइल. वीज गेली की ही कॉइल संपर्क सोडते. वीज परतली तरी हिरवे बटण दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. हा दोष नव्हे, ही सुरक्षा आहे. माणूस येऊन पाहील आणि मगच यंत्र चालेल, असा तिचा अर्थ.

६/
पण वीज अपुरी पडू लागली. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. भारनियमनाच्या त्या वर्षांत शेतीला चक्राकार पद्धतीने वीज मिळू लागली : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्यातही पुरवठा मधूनमधून खंडित होई. प्रत्येक वेळी बटण दाबायला अंधारात विहिरीवर जायचे. वाटेत साप, विंचू. २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा ही भीती किती खरी आहे हे साऱ्या राज्याने पाहिले.

७/
'ऑटो' या भीतीतून रुजला. त्याचे काम साधे : तिन्ही फेज आल्याची खात्री करणे, थोडा वेळ थांबणे आणि हिरव्या बटणाऐवजी स्वतःच स्टार्टर चालू करणे. नो-व्होल्ट कॉइल ज्या माणसाची वाट पाहत होती, त्याची जागा या पेटीने घेतली.

८/
अशी जागा घेण्याचा प्रयोग जगात जुना आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांच्या महाविद्यालयात शिपाई वर्गावर्गांत शिरून तापमान पाही आणि मग तळघरातील भट्टी कमी-जास्त केली जाई. ही ये-जा टळावी म्हणून जॉन्सन यांनी खोलीतील तापमानाची वर्दी देणारे विद्युत उपकरण बनवले. १८८३ मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

९/
२०११ मध्ये बाजारात आलेल्या 'नेस्ट' थर्मोस्टॅटने पुढचे पाऊल टाकले. घरात हालचाल दिसली तर माणूस 'घरी', बराच वेळ दिसली नाही तर 'बाहेर', असे मानून ते ऊर्जा वाचवू लागले. अडचण लगेच उघड झाली. एखादा माणूस उपकरणाच्या नजरेआडच्या खोलीत वाचत बसला, तर उपकरणाच्या लेखी घर रिकामे! थंडीत घर गार पडते आणि दोष भट्टीचा वाटतो.

१०/
हे यंत्र माणसाला पाहतच नसते. ते एक खूण पाहते आणि तीवरून माणसाविषयी अनुमान काढते. थर्मोस्टॅटची खूण हालचाल. बीडच्या 'ऑटो'ची खूण तीन फेज. 'वीज आली, म्हणजे मालकाला पाणी हवे आहे,' हे त्याचे अनुमान. विहीर आटली असो, पाइप फुटला असो, वा कालच पाऊस झालेला असो.

११/
या अनुमानाची किंमत गणितात पाहू. १०० केव्हीएच्या डीपीवर ५ अश्वशक्तीच्या १५ मोटारी आहेत, असे धरू. चालत्या स्थितीत प्रत्येकी सुमारे ५ केव्हीए, म्हणजे एकूण ७५. डीपी निभावून नेते. परंतु सुरू होण्याच्या क्षणी मोटार पाच-सहा पट प्रवाह ओढते. पंधराही एकदम सुरू झाल्या, तर काही सेकंद मागणी ४०० केव्हीएच्या आसपास जाते. फ्यूज उडतो. असे वारंवार झाले की डीपीच जळते आणि ऐन हंगामात पिके वाळतात.

१२/
म्हणून महावितरण वर्षानुवर्षे आवाहन करते : ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. कपॅसिटरने वाहिनीवरचा प्रवाह घटतो, हे खरे. पण एकट्यानेच ऑटो काढला तर रात्रीची पायपीट त्याच्या वाट्याला येते आणि डीपी वाचल्याचा लाभ साऱ्यांना होतो. ऑटो निघत नाहीत, याचे कारण अज्ञान नव्हे, हा हिशेब आहे.

१३/
बीडपुरते त्यात आणखी एक वास्तव मिसळते. दिवाळीच्या सुमारास हजारो ऊसतोड कुटुंबे घराला कुलूप लावून कारखान्यांच्या वाटेला लागतात. येथे 'बाहेर' म्हणजे पाच-सहा महिने. मागे राहतात ते बहुधा वृद्ध. त्यांना रात्री विहिरीवर पाठवायचे कोणी?

१४/
मग दुरुस्ती कोणती? आधी खूण तपासायची. साऱ्या ऑटोंची थांबण्याची वेळ एकच असेल, तर ती प्रत्येकाने वेगळी ठेवावी : कोणाची एक मिनिट, कोणाची तीन. केवळ फेज पाहणाऱ्या ऑटोला विहिरीतील पाण्याची पातळी पाहणारी जोड द्यावी, म्हणजे मोटार कोरडी चालणार नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश'द्वारे निराळा मार्ग दाखवला. पंपाजवळ वीज आहे का हे मोबाइलवर कळते आणि बटण दूरवरून, पण माणूसच दाबतो.

१५/
मुळावरचा उपाय मात्र वेळापत्रकात आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणे हा. दिवसा खात्रीची वीज मिळाली, तर शेतकरी दारे धरायला शिवारात असेलच आणि हिरवे बटण हाताच्या अंतरावर असेल. बीडच्या ऑटोने आळस लपवलेला नाही. रात्री दीड वाजता एका माणसाने कुठे असावे, हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवले होते, याची ती नोंद आहे.