रूझवेल्ट, वीज आणि सरकारचं काम

राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीवर बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो : एका वाक्यात सांगा, हा माणूस चांगला होता की वाईट? फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या बाबतीत हा प्रश्न जितक्या जोराने विचारला जातो तितका क्वचितच दुसऱ्या कुणाबाबत विचारला जात असेल. १९३२ ते १९४४ या काळात ते चार वेळा निवडून आले. एक पक्ष म्हणतो, त्यांनी मंदीतून देश वाचवला. दुसरा म्हणतो, त्यांनी मंदी लांबवली आणि सरकारला नको तिथे घुसवलं.

गंमत अशी की दोन्ही पक्ष आकडे तेच वापरतात. १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे जवळपास एक बेकार होता. १९३७ पर्यंत बेकारी चौदा टक्क्यांच्या आसपास उतरली. मग सरकारने खर्चाला कात्री लावली, पतपुरवठाही आवळला गेला, आणि १९३८ मध्ये ती पुन्हा एकोणीस टक्क्यांच्या घरात गेली. समर्थक म्हणतात, बघा, सरकारने हात आखडता घेतला आणि घसरण झाली. विरोधक म्हणतात, पाच वर्षांनंतरही ही स्थिती असेल तर या धोरणाचा उपयोग काय? एवढ्या मोठ्या बेरजेवर भांडत राहिलो तर आपण कुठेच पोचणार नाही. म्हणून आज आपण एकच सेवा घेऊ. वीज. तिचा हिशोब नीट मांडता आला, तर कारकीर्द तपासायची एक रीत हाती लागेल.

सुरुवात रूझवेल्ट यांच्या आधीपासून करायला हवी. अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर मसल शोल्स नावाची जागा आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी नायट्रेट हवं होतं, म्हणून सरकारने तिथे कारखाने आणि विल्सन धरण उभारायला घेतलं. युद्ध संपलं आणि प्रश्न पडला, आता याचं करायचं काय? नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस म्हणाले, लोकांच्या पैशातून उभं राहिलंय, तर ते लोकांसाठी सरकारनेच चालवावं. लक्षात घ्या, नॉरिस रिपब्लिकन होते. त्यांचं विधेयक काँग्रेसने दोनदा मंजूर केलं. १९२८ मध्ये कूलिज यांनी त्यावर सहीच केली नाही, आणि १९३१ मध्ये हूवर यांनी नकाराधिकार वापरला.

हूवर यांना आपण सहसा हातावर हात ठेवून बसलेला अध्यक्ष म्हणून मोडीत काढतो. ते बरोबर नाही. ते स्वतः अभियंता होते. कोलोरॅडो नदीवरच्या प्रचंड धरणाचं काम त्यांच्याच काळात सुरू झालं, आणि बँकांना व रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारं सरकारी महामंडळही त्यांच्याच सहीने १९३२ मध्ये निघालं. त्यांचा आक्षेप नेमका होता. पूर आवरायला, नदीतून वाहतूक करायला सरकारने धरण बांधावं. पण नागरिक जो धंदा करतात त्यात त्यांच्याशी स्पर्धा करणं हाच मुख्य हेतू ठेवून सरकारने उतरू नये. ही रेघ त्यांनी कुठे ओढली ते ध्यानात ठेवा, कारण पुढची नव्वद वर्षं वाद त्या रेघेवरच चालू आहे.

रूझवेल्ट यांनी ती रेघ ओलांडली. १८ मे १९३३ रोजी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचा, म्हणजे टीव्हीएचा कायदा झाला. पूर, जमिनीची धूप, नदीवाहतूक, खत आणि वीज ही सगळी कामं एका संस्थेकडे आणि सात राज्यांत पसरलेलं एकच खोरं. १९३४ च्या फेब्रुवारीत मिसिसिपीतलं टुपेलो हे टीव्हीएची वीज घेणारं पहिलं शहर ठरलं. घरगुती विजेचा देशभरातला सरासरी दर तेव्हा युनिटला साडेपाच सेंटच्या आसपास होता. टीव्हीएचा पहिल्या टप्प्याचा दर होता तीन सेंट. रूझवेल्ट यांचं म्हणणं, ही मोजपट्टी आहे. खासगी कंपन्या ग्राहकाकडून वाजवी घेतात की जास्त, ते यावरून कळेल.

इथे वेंडेल विल्की या गृहस्थांचं ऐकून घेतलं पाहिजे. कॉमनवेल्थ अँड सदर्न या मोठ्या वीज कंपनीचे ते प्रमुख. ते म्हणाले, ही मोजपट्टी खरी नाही. भांडवल सरकारी खजिन्यातून येतं, कर आम्ही भरतो तसे ते भरत नाहीत, धरणाचा खर्च पूरनियंत्रणाच्या खात्यात टाकता येतो, आणि मग म्हणायचं आमची वीज स्वस्त! हा आक्षेप आजही पूर्ण खोडता येत नाही. स्वस्त म्हणजे कुणाच्या खिशातून स्वस्त, हे विचारावंच लागतं. कंपन्या न्यायालयात हरल्या, आणि १९३९ मध्ये विल्की यांनी आपली टेनेसीतली कंपनी टीव्हीएला सुमारे ७ कोटी ८६ लाख डॉलरला विकली. पुढच्याच वर्षी ते रिपब्लिकन पक्षातर्फे रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे राहिले. म्हणजे वीज कुणी पुरवायची हा वाद थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपर्यंत पोचला.

आता दुसरी गोष्ट, आमच्या मते जास्त महत्त्वाची. १९३५ च्या सुमारास अमेरिकी शहरांत दहातल्या नऊ घरांत वीज होती. शेतावरच्या घरांत दहातल्या एका. कंपन्या दुष्ट होत्या म्हणून असं झालं असं समजायचं कारण नाही. शहरात एका मैलात शेकडो ग्राहक, शेतावर तीन-चार. खांब आणि तार मात्र तितकीच लागणार. धंद्याच्या हिशोबाने तिकडे न जाणं बरोबरच होतं. पण त्या हिशोबाचा भार पडत होता तो प्रामुख्याने बायकांवर. विहिरीतून पाणी शेंदायचं, चुलीवर तापवायचं, हाताने धुणं, निखाऱ्यावर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्या, रात्री रॉकेलचा दिवा. शहरातली बाई बटण दाबत होती तेव्हा पन्नास मैलांवरची बाई हे सगळं करत होती.

मे १९३५ मध्ये रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी एक सरकारी खातं स्थापलं आणि वर्षभरात काँग्रेसने त्याला कायद्याचा आधार दिला. सुरुवातीला त्यांना वाटलं, स्वस्त कर्ज दिलं की खासगी कंपन्या पुढे येतील. कंपन्या फारशा आल्या नाहीत. पुढे आले शेतकरीच. मिसिसिपीच्या अल्कॉर्न परगण्यात १९३४ मध्ये एक सहकारी संस्था निघाली होती, तो नमुना समोर होताच. शेजारीपाजारी एकत्र यायचे, सभासद फी साधारण पाच डॉलर, संस्था नोंदवायची, सरकारकडून लांब मुदतीचं कर्ज घ्यायचं आणि तारा ओढायच्या. सरकारने इथे ना वीज विकली, ना खांब आपल्या मालकीचे ठेवले. त्याने कर्ज दिलं, अभियंते दिले, आणि हलक्या, स्वस्त तारमार्गाचा नमुना ठरवून दिला. त्यामुळे मैलामागचा खर्चही खाली आला. मग काही कंपन्यांना जाग आली. संस्था निघतेय म्हटल्यावर त्या घाईने त्या भागातल्या बऱ्या गिऱ्हाइकांपर्यंतच तार टाकायच्या, म्हणजे उरलेल्यांची संस्था उभीच राहू नये! तरीही काम थांबलं नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दहातल्या नऊ शेतांवर वीज पोचली होती, आणि बुडालेल्या कर्जाचं प्रमाण फार थोडं होतं. हेही सांगू, की १९४४ पासून व्याज दोन टक्क्यांवर बांधलं गेलं आणि पुढे बाजारातले दर चढले तेव्हा मधला फरक करदात्याने सोसला.

इथेच थांबलो तर ही आरती होईल. तेव्हा आता दुसरी बाजू. टीव्हीएच्या पहिल्या, नॉरिस धरणासाठी सुमारे ३,००० कुटुंबं उठवली गेली. जमीनमालकाला पैसे मिळाले. कुळाने, वाटेकऱ्याने कसलेल्या जमिनीचे पैसे त्याला मिळाले नाहीत, कारण ती त्याची नव्हतीच. धरणाजवळ नॉरिस नावाचं नमुनेदार गाव वसवलं आणि त्यात कृष्णवर्णीय कामगारांना घर दिलं नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय लोक हीच कामं करत होते. दक्षिणेतल्या खासदारांची मतं सांभाळून न्यू डील पुढे सरकत होतं, आणि त्या मतांची किंमत कुणी मोजली ते उघड आहे. जे सरकार दुर्गम शेतापर्यंत तार नेऊ शकलं, त्याच सरकारने कुणाला बाहेर ठेवायचं तेही ठरवलं. ही दोन्ही वाक्यं एकाच कारकिर्दीत लिहावी लागतात.

पुढचे अध्यक्ष या वारशाशी कसे वागले? आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये सरपटत येणाऱ्या समाजवादाचं उदाहरण म्हणून टीव्हीएचं नाव घेतलं, पण ती मोडली नाही. १९५९ पासून टीव्हीए विजेच्या कामासाठी रोखे काढून स्वतः पैसा उभारू लागली. गोल्डवॉटर टीव्हीए विकायची भाषा करत होते. आधीच्या तीन निवडणुकांत रिपब्लिकन उमेदवाराला कौल देणाऱ्या टेनेसीने १९६४ मध्ये त्यांना नाकारलं. आणि २०१३ मध्ये टीव्हीए विकता येईल का ते तपासू, असं कुणाच्या अर्थसंकल्पात आलं? ओबामा यांच्या! विरोध कुणी केला? टेनेसीच्या रिपब्लिकन सिनेटरांनी. तत्त्वाची भाषा पक्षाकडून येते, पण विजेचं बिल आपल्या घरी येतं. दुसरीकडे, सरकारी संस्था म्हणजे आपोआप जबाबदार संस्था असंही नाही. २००८ च्या डिसेंबरात टीव्हीएच्याच किंग्स्टन वीजकेंद्रातला राखेचा बांध फुटला आणि आसपासची जमीन आणि नदी राखेच्या चिखलाने भरून गेली.

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं, आणि त्यात वीज व पाटबंधारेही येत. १९४३ च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा टीव्हीएचा नमुना समोर ठेवला गेला, टीव्हीएतले अभियंते वूर्डुइन यांनी आराखडा केला, आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं. सहकारी विजेचा नमुनाही आपल्याकडे आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मदतीने देशात ज्या मोजक्या ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांतली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. थकबाकीच्या वादात अडकून २०११ मध्ये तिच्या भागातली वीज महावितरणकडे गेली. नमुना तोच, शेवट वेगळा. म्हणजे सहकार हा शब्द लावल्याने काम होत नाही. कर्ज वेळेवर फिटतंय का, दर कोण ठरवतं, थकबाकी कोण विचारतं, यावर ते अवलंबून असतं.

तेव्हा एखाद्या अध्यक्षाची कारकीर्द तपासताना सरकार मोठं हवं की लहान, इथून सुरुवात करू नये असं आम्हाला वाटतं. चार प्रश्न विचारावेत. सेवा कुणापर्यंत पोचत नव्हती आणि का? ती पोचवताना सरकारने नेमकं काय केलं : मालकी घेतली, कर्ज दिलं, की नियम केला? पैसे शेवटी कुणी भरले? आणि बाहेर कोण राहिलं? रूझवेल्ट यांच्या विजेच्या हिशोबात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भक्कम आहेत. तिसऱ्याचं वादग्रस्त आहे, आणि चौथ्याचं लाजिरवाणं. एका वाक्यात चांगला की वाईट ते सांगा म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरणार नाही. पण कुठल्याही देशातला नेता जेव्हा म्हणतो की आम्ही घराघरात अमुक पोचवलं, किंवा हे सरकारचं कामच नव्हे, तेव्हा हेच चार प्रश्न घेऊन त्याच्यासमोर उभं राहता येतं.