तीन सेकंद कोणाचे?

बास्केटबॉलच्या रेफरीच्या हातात घड्याळ नसतं. वेळ मोजणारा माणूस मैदानाबाहेर, टेबलाशी बसतो. रेफरीने शिट्टी वाजवली की तो बटण दाबून घड्याळ थांबवतो. बाहेरून फेकलेल्या चेंडूला आतल्या खेळाडूचा हात लागला की रेफरी वर धरलेला हात झटकन खाली आणतो आणि घड्याळ पुन्हा सुरू होतं.

सुरुवातीला असं नव्हतं. डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने १३ नियम केले. त्यातल्या अकराव्याने वेळ पाळायचं काम थेट रेफरीलाच दिलं होतं. पुढे ते टेबलाकडे गेलं. त्यामुळे रेफरीची नजर खेळावर राहिली, पण शिट्टी एकाची आणि बटण दुसऱ्याचं झालं.

या दोघांचं बिनसलं तर काय होतं? १९७२, म्युनिक ऑलिंपिकचा अंतिम सामना. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने फ्री थ्रो मारून अमेरिकेला सोव्हिएत संघावर ५०-४९ अशी आघाडी दिली. दुसरा थ्रो घेतानाच टेबलावरचा भोंगा वाजला होता. सोव्हिएत खेळाडूंनी चेंडू आत टाकला. एक सेकंद उरला असताना खेळ थांबला. आम्ही टाइमआउट मागितला होता, असा त्यांच्या बाकावरून आरडाओरडा चाललेला. तेवढ्यात फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि म्हणाले, तीन सेकंद परत लावा. चालू सामन्यात असा आदेश द्यायचा अधिकार त्यांना नव्हता!

घड्याळ अजून मागे फिरवलं जात होतं, फलकावर ५० सेकंद दिसत होते, तरी चेंडू खेळात दिला गेला. भोंगा वाजला. अमेरिकन नाचू लागले. पण पुन्हा तीन सेकंद लावले गेले. या वेळी एदेश्कोने मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, बेलोवने तो बास्केटमध्ये टाकला. ५१-५०.

ब्राझीलचे रेफरी रेनातो रिगेत्तो यांनी गुणपत्रकावर सही केली नाही. अपील समितीने अमेरिकेची तक्रार ३-२ने फेटाळली. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं आजवर घेतलेली नाहीत. मला मात्र रिगेत्तोंची ती कोरी राहिलेली सही जास्त बोलकी वाटते.

पुढे माइक कॉस्टाबिले या अमेरिकन रेफरीनेच एक यंत्रणा तयार केली. रेफरीच्या शिट्टीजवळ छोटा माइक, कमरेला एक डबी. शिट्टीचा आवाज माइकने टिपला की घड्याळ आपोआप थांबतं. सुरू करायचं बटण डबीवर. १९९९पासून एनबीएत ती वापरली जाते. टेबलाशी घड्याळवाला आजही असतो. त्याचं बोट कधी शिट्टीच्या आधी पोहोचतं, बहुतेक वेळा नंतर.