तुळजापूरचा गोंधळ आणि ‘गोंडली’

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूरच्या गोंधळाचें मूळ शोधतांना अभ्यासक बहुधा कल्याणीच्या चालुक्य दरबाराकडे वळतात. तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत ‘गोंडली’ नृत्य आढळतें. पुढें शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरां’तहि ‘गौंडली’ येते. नामसादृश्य मोहक खरें, पण तेवढ्यावर वंशावळ ठरत नाहीं. रत्नाकरांतील गौंडली हें नर्तकीचें नृत्य. तुळजाभवानीचे कदमराई गोंधळी उभे राहतात ते पुरुषांचा मेळ घेऊन.

प्रत्यक्ष विधि पाहावा. चौक मांडून दिवटी पेटवितात, गांवोगांवच्या दैवतांस गोंधळास येण्याचें आवाहन होतें, मग नाईक आख्यान लावतो. संबळ म्हणजे एकत्र जोडलेले लहानमोठे दोन नगारे. कमरेस बांधून ते काठ्यांनीं वाजवितात, पैकीं एका काठीचें टोंक वांकडें असतें. तुणतुण्यास तार एकच. खुंटी पिळून ती नाइकाच्या गळ्याशीं मिळवावी लागते. गद्य निरूपणांत संबळ दबतो, पद आलें कीं उसळतो. साथीदार मध्येंच भाबडे प्रश्न विचारून कथा पुढें ढकलतो. (श्रोते हंसतात ते बहुधा येथेंच.)

यांतलें फारच थोडें कागदावर उतरतें. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं छापलेल्या पोवाड्यांत शब्द आहेत, संबळ नाहीं. म्हणून संग्राहकानें गोंधळ्याचें बाड हातीं येतांच तें त्याच्याकडून गाऊन घ्यावें, आणि तार कोणत्या स्वरास मिळविली, संबळ कोठें थांबला, तें नकलेच्या समासांत टिपावें.