आज्ञा आणि हाक

१९७१ साली फिलाडेल्फियात शिकणाऱ्या सिस्टर जेनीन ग्रॅमिक यांना एका समलिंगी तरुणाने विचारले, आमच्यासाठी ख्रिस्तसभा काय करते? त्यातून अशा भाविकांसाठी घरीच मिस्सा होऊ लागल्या. ती बाप्तिस्म्यानेच आपली माणसे. त्यांना वेगळा परवाना कशाला? १९७७ साली सिस्टर व फादर रॉबर्ट न्यूजंट यांनी ‘न्यू वेज मिनिस्ट्री’ स्थापन केली. १९९९ साली रोमने दोघांनाही या सेवेस कायमची बंदी घातली. फादरांनी आज्ञा पाळली. सिस्टरांनी मौन नाकारले व त्या दुसऱ्या धर्मभगिनी-संघात गेल्या. बिशपांच्या हाती आज्ञापालनाचे वचन दिलेले आम्ही कुणाला दोष देणार?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आपल्या निवासस्थानी सिस्टरांची आपुलकीने भेट घेतली. फादर न्यूजंट २०१४ सालीच निवर्तले होते.