सयामचा नमस्कार

परक्या देशात गेलेल्या माणसाची पहिली परीक्षा भाषेत नव्हे, तर नमस्कारात होते. थायलंडचा, म्हणजे पूर्वीच्या सयामचा, इतिहास याची साक्ष देतो.

१६८५ साली फ्रान्सचा राजदूत शोमों हा अयुथ्येस नारायण राजाच्या दरबारी गेला. दरबारी मंडळी गुडघे व कोपरे टेकून बसलेली. हा मात्र ताठ उभा. राजा उंच गवाक्षात होता. चौदाव्या लुईचे पत्र ठेवलेले सुवर्णपात्र वर उचलण्यासही त्याने नकार दिला. अखेर राजाच हसत खाली वाकला! त्या दिवशी खरा सभ्य कोण ठरला, हे सांगावयास नको.

पुढे १८७२ साली कलकत्ता, मुंबई पाहून गेलेल्या चुलालोंकोर्ण राजाने १८७३ मध्ये, आपल्या दुसऱ्या राज्याभिषेकाच्या वेळी, लोटांगणाची सक्ती उठविली. त्या प्रथेत जुलूम आहे असे त्याने जाहीर केले. विसाव्या शतकात दरबारी प्रसंगी ती पुन्हा दिसू लागली, हेही खरे.

लोकव्यवहारात मात्र हात जोडून करावयाचा 'वाय' टिकला. धाकट्याने तो आधी करावा. भिक्षू तो परत करीत नाहीत. कोणाच्या मस्तकास हात लावू नये, बुद्धमूर्तीकडे पाय करू नयेत. 'सवातदी' हे तेथील अभिवादन तर आपल्या 'स्वस्ति'चेच रूप. १९४३ साली त्यास राजमान्यता मिळाली.

मान लवविणे निराळे आणि मान गमावणे निराळे. सयामच्या राजाने हा भेद ओळखला. पाहुण्यानेही तो ओळखावा.